हिमगौरीला तलवार देऊ नका

प्रश्न होता: सहा वर्षांच्या मुलीला परीकथा आहेत तशाच सांगाव्यात की बदलून? आणि कॉलनीच्या गणपतीत ‘हिमगौरी आणि सात बुटके’ बसवतोय, तर हिमगौरी सबळ वाटावी म्हणून शेवट कसा बदलू?

शेवट बदलूच नका. मधलं बदला. आणि तलवार तर मुळीच देऊ नका.

आमच्या इंदुरातल्या कॉलनीत एका वर्षी दिली होती. नाटक वीस मिनिटांचं आणि हिमगौरीने आठव्याच मिनिटाला राणीला लोळवलं. पुढची बारा मिनिटं करायचं काय? सात बुटके दाढ्या लावून विंगेत उभे, त्यांचे आईबाप पहिल्या रांगेत मोबाइल उगारून बसलेले. शेवटी त्यांना एका गाण्यावर नाचवून वेळ भरून काढला. लाकडी तलवार माइकच्या स्टँडला बसली ते वेगळंच. एवढं करून हिमगौरीला अख्ख्या नाटकात वाक्यं होती चार. सबळ दाखवायची आणि बोलू मात्र द्यायचं नाही!

संहिता घ्या आणि हिमगौरीच्या वाट्याला आलेली क्रियापदं पेन्सिलीने अधोरेखित करा. पळाली, रडली, झोपली, उठली, एवढीच निघाली तर तलवारीने काही होणार नाही. झोपलेल्या राजकन्येची हीच गत आहे: चातीला हात लावला, झोपली, जागी झाली, संपलं. उलट ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’मधली ग्रेटेल पाहा. भट्टी तापली का ते बघायला तिला चेटकीण सांगते, तर ती ‘मला जमत नाही, तुम्हीच दाखवा’ म्हणते, ढकलते, दार लावते, भावाला सोडवते. आपली भोपळ्यातली म्हातारीही काही कमी नाही. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन’ असं वाघाला पटवून सुटते आणि परतताना त्याच्याच नाकासमोरून टुणूक टुणूक जाते. हत्यार दोघींकडेही नाही.

(जाता जाता: इंदुरात प्रत्येक वेशभूषा स्पर्धेत चार तरी अहिल्यादेवी असतात. पांढरी साडी, तळहातावर पिंड, गप्प उभ्या. १७६७ ते १७९५ राज्य चालवलेल्या बाईला आपण एकही क्रियापद देत नाही.)

‘मूळ गोष्टीला हात लावू नका’ म्हणणारे एक काका प्रत्येक समितीत असतात, तुमच्याकडेही निघतील. आमच्या काकांचं ‘मूळ’ म्हणजे लहानपणी पाहिलेला रंगीत सिनेमा. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये पहिल्यांदा छापलेल्या गोष्टीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आईच्या नावाला डाग नको म्हणून हा बदल केला, असं अभ्यासक मानतात. मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल पहिल्या आवृत्तीत भाबडेपणाने विचारते, माझे कपडे घट्ट का होताहेत? ती गरोदर आहे हे त्यातून कळतं. पुढच्या आवृत्त्यांत तो प्रश्नच गायब. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत ही डागडुजी चालू होती. तेव्हा गोष्टीला पहिला हात ग्रिमांनीच लावलाय.

काकांचा खरा हट्ट राजपुत्राने हिमगौरीला जागं करण्याचा होता. चुंबन मंडपात दाखवता येत नाही म्हणून ‘निदान हात तरी हातात घेऊ दे’. तर ग्रिमांच्या हिमगौरीत चुंबन नाहीच. काचेची पेटी खांद्यावरून नेताना नोकर झुडपाला अडखळतात, पेटीला हिसका बसतो, घशात अडकलेला विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ती उठून बसते. राजपुत्राचं श्रेय शून्य. स्टेजवर यासारखा हशा दुसऱ्या कशाला नाही.

फक्त दहा-अकरा वर्षांच्या चार मुलांच्या खांद्यावर खरंच पेटी देऊ नका. चाकं लावलेला बुटका पाट करा, वर बांबूच्या काड्यांचा सांगाडा आणि पारदर्शक प्लास्टिक, दोरीने ओढायचा. जिथे अडखळायचं तिथे स्टेजवर इंचभर जाडीची लाकडी पट्टी ठोका. पुढचं चाक तिला लागलं की हिसका आपोआप बसतो, अभिनय लागत नाही. प्लास्टिक डोक्याच्या बाजूने पूर्ण उघडं ठेवा, नाहीतर भादव्यातल्या उकाड्यात आतलं पोर घामाने भिजतं.

आता मधलं. सिनेमात राणी एकदाच येते, ग्रिमांकडे तीनदा: एकदा श्वास कोंडेल इतकी आवळायची चोळीची नाडी, एकदा विषारी कंगवा, एकदा सफरचंद. तिन्ही ठेवा. पहिल्या वेळी हिमगौरी बेधडक दार उघडते. दुसऱ्या वेळी कोणाला आत घ्यायचं नाही म्हणते आणि तरी उघडते. तिसऱ्या वेळी उघडतच नाही, खिडकीतून बोलते. राणीला सफरचंद कापून पांढरा अर्धा भाग स्वतः खाऊन दाखवावा लागतो, तेव्हा कुठे ती विष असलेल्या लाल भागाला हात लावते. म्हणजे पोरगी शिकतेय, आणि हे सगळं जुन्या गोष्टीतच आहे. ‘चिऊताई चिऊताई दार उघड’ ऐकून वाढलेल्या मुलांना दाराचा खेळ समजवावा लागत नाही. दुसऱ्या टकटकीलाच सगळा मंडप ‘उघडू नकोऽ’ ओरडतो. तिन्ही वेळा टकटक त्याच लयीत वाजली पाहिजे, तालमीत हे घोटून घ्या.

खरा बदल मी एकाच जागी केला: घरकामाच्या करारात. बुटके तिला सांगतात की सैपाक, अंथरुणं, धुणं, शिवण, विणकाम करशील तर राहा. बहुतेक नव्या संहितांत हा भाग लाजेने गाळतात. गाळू नका, तिला घासाघीस करू द्या. ‘सैपाक मी करीन. भांडी कोण घासणार?’ सातही जण एकमेकांकडे बघतात. ‘धुणं मी, वाळत कोण घालणार?’ सात कामं, सात वाक्यं, प्रत्येक बुटक्याला एक. हिमगौरीची वाक्यं चाराची एकोणीस होतात आणि विंगेत कोणी रिकामं राहत नाही.

यावर एका बुटक्याची आजी तालमीतच उभी राहिली. ‘आमच्या मुलाला भांडी घासायला लावलंत? तेही गणपतीसमोर?’ तिचं म्हणणं असं की मुलींना वर न्यायचं तर न्या, मुलांना खाली कशाला ओढता. याचं उत्तर मी तेव्हा नीट दिलं नाही, आता देते: भांडी घासणं खाली असेल तर हिमगौरीला दोनशे वर्षं तिथेच ठेवलंय, तेव्हा कोणाची आजी उठली नव्हती. प्रयोगात सगळ्यात मोठा हशा त्याच पोराला मिळाला. ताटं मात्र मेलामाइनची घ्या. स्टीलची सात ताटं एकदम आपटली की माइकवर पुढची दोन वाक्यं बुडतात.

राजपुत्राची राजकन्या किंवा राणीचा राजा करू म्हणत असाल, तर मराठीत ते नावापुरतं होत नाही. ‘आलो’चं ‘आले’, ‘माझा’चं ‘माझी’, अख्खी संहिता उलटते. हिंदी शाळेतली आपली पोरं आधीच ‘मी गेली’ म्हणतात. पाठांतर झाल्यावर बदल केलात तर ऐन प्रयोगात राजकन्या ‘मी येतो’ म्हणेल. बदलायचंच तर पहिल्या वाचनाआधी.

आता थोडं आवरतं घेते. जुनं ते सगळं ठेवा असं माझं म्हणणं नाही. ग्रिमांची राणी शेवटी तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचते, ते सहा वर्षांच्या मुलांपुढे नको. ‘सावत्र’ शब्द मी काढते, नुसती ‘राणी’ पुरते, कारण मंडपात कोणाच्या घरी काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. ‘बुटके’ही काढा. वर्गातल्या सर्वांत ठेंगण्या मुलाला ते वर्षभर चिकटतं. ते डोंगरात धातू खणतात, म्हणून आम्ही ‘सात खाणकरी’ केलं. काकांनी त्यावरही हरकत घेतली होती.

तुमच्या मुलीचं म्हणाल, तर झोपताना तीन भेटींची गोष्ट सांगा आणि तिसऱ्या टकटकीला थांबा. पुढे काय करायचं ते तीच सांगेल. रोज वेगळं सांगेल, त्यातलं एखादं संहितेत घ्या.

सफरचंद आधी कापून ठेवलंत तर दहा-पंधरा मिनिटांत तपकिरी पडतं, फोडींना लिंबाचं पाणी लावा. लाल भागाला पोस्टर रंग फासू नका, पोरगी ते खरंच चावते. आणि तालमीला वेगळं सफरचंद आणा, कारण ते खाणकरी फस्त करतात.