घोडबंदरला आल्यापासून केस गळताहेत: दोष टँकरच्या पाण्याचाच का?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आलात, तेव्हापासून केस मुठीमुठीने गळताहेत, वर कोंडाही झालाय. सोसायटीत टँकर येतो, तर हे त्या पाण्याचंच का आणि घरच्या घरी काय करता येईल?

मी नौपाड्यातून वाघबीळला आले तेव्हा हाच प्रश्न अख्ख्या इमारतीला विचारला होता. सगळ्यांचं उत्तर एकच, "पाणी हो, दुसरं काय!" मग मीही पाण्याच्या नावाने खडे फोडले, साडेतीन हजारांचा शॉवर फिल्टर बसवला. केस गळायचे ते गळतच राहिले.

खर्च करण्याआधी फुकटातली तपासणी करून बघा. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी अर्ध्यापर्यंत, दुसरीत तेवढंच आरओचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि झाकण लावून जोरात हलवा. (शाम्पू नको, तो जड म्हणजे क्षारांच्या पाण्यातही फेसाळतो.) माझ्या आरओच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत चढला आणि टिकला. टँकरच्या बाटलीत वर जेमतेम बोटभर फेस, खाली पाणी नासलेल्या दुधासारखं, त्यात बारीक कण तरंगताहेत. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून हा चोथा होतो. डोक्याला साबण लावत असाल तर तोच केसांवर बसतो. केस राठ होतात, गुंततात, विंचरताना मधेच तुटतात.

पण तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, तिथवर नळाचं पाणी पोचत नाही. आता फणीत आलेले केस एखाद्या गडद कापडावर पसरा आणि उजेडात बघा. केस पूर्ण लांबीचा असेल आणि एका टोकाला खसखशीएवढा पांढरा ठिपका असेल, तर तो मुळापासून आलाय. आखूड तुकडे असतील, ठिपका नसेल, तर तुटलाय. माझे जवळपास सगळेच ठिपकेवाले निघाले. बिचाऱ्या टँकरवाल्याला मी तीन महिने उगीच बोल लावत होते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याबद्दल नव्हताच. "गेल्या तीन-चार महिन्यांत मोठा ताप आला होता का?" आला होता. ऐन गणपतीत डेंग्यू झाला होता आणि केस जायला लागले डिसेंबरात. दोन्हींचा संबंध माझ्या डोक्यातही आला नव्हता. एरवी डोक्यावरचे बहुतेक केस वाढत असतात, थोडे विश्रांतीत असतात. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, एकदम कमी केलेलं जेवण किंवा मोठा मानसिक ताण, असा धक्का बसला की एकदम खूप केस विश्रांतीत जातात आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. म्हणून तुम्ही घर कधी बदललं ते सोडा, गळती सुरू झाली त्याच्या तीन महिने मागे काय घडलं ते आठवा. हे गळणं बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबतं. रोज ५० ते १०० केस जाणं तर नेहमीचंच आहे. चार दिवस डोकं धुतलं नाही की ते साठतात, मग न्हाणीघराच्या जाळीवर उंदीर बसल्यासारखा गुंता दिसतो आणि पोटात गोळा येतो.

तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. माझं फेरिटिन तळाला गेलेलं होतं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मैत्रिणीने सुचवलेलं बायोटिन (केसांसाठी म्हणून घेतात ते जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आता कोंडा. इथे मी स्वतःच गाढवपणा केला. आई म्हणाली, डोकं कोरडं पडलंय, तेल लाव. मी रोज रात्री चपचपीत थापायला लागले. पंधरा दिवसांत पांढरा भुसा जाऊन पिवळट, चिकट खपल्या आल्या. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची बुरशी असते, ती तेलकटपणावरच जगते. मी तिला रोज रात्री जेवण वाढत होते! आईचं तेल अगदीच वाया जात नाही, फक्त जागा बदला. धुण्याआधी तासभर खोबरेल केसांच्या लांबीला लावा, केस कमी झिजतात. टाळूला नको.

कोंड्याला केमिस्टकडचा २ टक्के केटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. भांग पाडत पाडत बोटांनी टाळूला लावायचा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवायचा. बहुतेक जण लावून लगेच धुतात आणि मग म्हणतात, काही उपयोग नाही. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लिंबू नको, खाजवलेल्या टाळूवर आग होते. खायचा सोडाही नको. दही लावून नुकसान नाही, वास तेवढा दुपारपर्यंत येतो.

जांभळी नाक्यावरून आणलेली शिकेकाई मला आवडते. तिचा फेस साबणासारखा जड पाण्यात नासत नाही. पण तिने कोंडा जाईल ही आशा धरू नका.

पाण्याचं म्हणाल तर शेवटचे दोन तांबे आरओचे घ्या, एवढ्याने केस मऊ राहतात. शॉवर फिल्टर फार तर क्लोरीन कमी करतो. जडपणा काढायला मीठ लागणारा सॉफ्टनर लागतो, तो सोसायटीने टाकीला बसवला तर गोष्ट वेगळी. विक्रेत्याने मला "हार्डनेस शून्य" सांगितलं होतं. नंतर मी फिल्टरमधून आलेलं पाणी त्याच बाटलीत साबणासकट हलवलं, तर तेच नासलेलं दूध. ही परीक्षा पैसे देण्याआधी करायची होती.

घरचे उपाय थांबवायची वेळ ओळखा. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली, मुलाच्या डोक्यात खपल्यांचा गोल होऊन केस मोडले, पू आला किंवा भांग महिन्यागणिक रुंद होत चालला, तर लसूण-कांदा चोळत बसू नका आणि केमिस्टकडून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचं मलम आणू नका. सरळ त्वचारोगतज्ज्ञ गाठा. खासगी परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखवता येतं.

माझी गळती फेब्रुवारीत थांबली. मार्चमध्ये कपाळाशी बोटाच्या पेराएवढे केस ताठ उभे राहिले, तेलाने बसेनात, पिनेने दबेनात. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या डोक्यावर अँटेना आलेत." केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, तेव्हा वेणीत यायला त्यांना अजून बराच वेळ आहे. फिल्टर तिथेच लटकलाय, काढायचे प्लंबर दोनशे मागतो.