मुलाच्या वर्गातले सगळे ग्रीस-स्पेनला जातात आणि आम्ही आपलं पुणे

इंग्लंडहून एका आईने विचारलंय. मुलगा 9 वर्षांचा, मुलगी 5 ची. सुट्टी संपून शाळा सुरू झाली की वर्गात सगळे सांगतात आम्ही ग्रीसला गेलो, आम्ही स्पेनला गेलो, आणि हा सांगतो पुणे, आणि घरी येऊन म्हणतो आई आपण कधी कुठे जातच नाही. तर यंदा पुणे कॅन्सल करून युरोप करावं का, आणि केलं तर कोथरूडला आईबाबांना काय सांगायचं?

ताई, लंडन ते मुंबई 7 हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, पुढे एक्सप्रेसवेने पुणे, आणि एवढं करून मुलाला वाटतं आपण कुठे गेलोच नाही, तर मला आधी हे विचारायचंय की पुण्यात आल्यावर तो दिवसभर करतो काय. कारण हे माझ्याच घरी झालंय. आम्ही 11 वर्षं तिकडे होतो आणि पहिल्या तीन-चार ट्रिपा मी अशाच घालवल्या, 16 दिवसांत 20 घरं, आज चिंचवड उद्या हडपसर, प्रत्येक घरी पोहे, प्रत्येक घरी “ओळखलंस का मला?” आणि “मराठी बोल की जरा”. एकदा सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, मागच्या सीटवरून मुलाने हळूच विचारलं, “आज किती घरं आहेत?” तो चिडून बोलला असता तर मी ओरडले असते, पण तो अगदी शांतपणे विचारत होता आणि मला गाडीतच रडू आलं.

त्याच्या पुढच्या वेळी आम्ही सगळ्यांना सांगून टाकलं की एका रविवारी सगळे आईकडेच या, जेवायलाच या, आम्ही घरोघरी येणार नाही. दोन आत्या रुसल्या, पुढे बोलायला लागल्या. आणि मुलांना चार आठवडे एकाच घरात ठेवलं, नवरा दोन आठवड्यांनी परत गेला, मी थांबले. पहिले पाच दिवस मुलं कंटाळली हे खरंय, वायफाय धड नाही, बाहेर पाऊस. मग आईने मुलीला कामाला लावलं, सकाळी दुधाची पिशवी कात्रीने कापून पातेल्यात ओतायची, कोपरा किती कापायचा ते दाखवलं, पहिल्या दिवशी अर्धं दूध ओट्यावर गेलं तरी दुसऱ्या दिवशी परत तिलाच दिलं. तिसऱ्या आठवड्यात ती एकटी खाली गल्लीतल्या दुकानात ब्रेड आणायला गेली, मी गॅलरीतून बघत होते, दुकानदार काकांनी विचारलं “कुणाची गं तू?” आणि तिने मोठ्याने आजोबांचं नाव सांगितलं. नुसतं नाव, बाकी काही नाही. काकांनी लगेच वरती माझ्याकडे बघून हात केला. माझी मुलगी आता 22 ची आहे, युरोपातले निम्मे देश तिने पाहिलेत, पण त्या दुकानाचा रस्ता ती आजही डोळे मिटून सांगते.

म्हणून माझं सरळ मत, पुणे कॅन्सल करू नका, पण वर्षाआड करा आणि आलात की जास्त राहा. मधल्या वर्षी ग्रीस खुशाल करा, आठवडाभराचं काम आहे ते, ईस्टरच्या सुट्टीतही होतं. जगात वेगळी माणसं, वेगळी भाषा, वेगळं जेवण असतं हे मुलांना कळायलाच हवं, त्यात आईबाबांचा काही अपमान नाही. फक्त त्यांना ते तिकीट काढायच्या आधी फोनवर सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. आणि तब्येत साथ देत असेल तर त्या वर्षी त्यांनाच तिकडे बोलवा, व्हिजिटर व्हिसावर 6 महिन्यांपर्यंत राहता येतं.

आता महिना कुठला, ह्यात सगळे फसतात. तुमच्या मुलांना सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरची सुरुवात, आणि इकडच्या शाळा जूनच्या मध्यालाच सुरू होतात, म्हणजे तुम्ही येता तेव्हा चुलत-मामे भावंडं दिवसभर शाळा नि क्लासला, संध्याकाळी दमून येतात. हे मुलांना आधीच सांगून आणा, नाहीतर फार हिरमुसतात. गणपतीचंही तसंच, 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टला आली म्हणून सुट्टीत बसली, 2026 ला अधिक महिन्यामुळे 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे तुमची शाळा चालू. पाच शाळेचे दिवस बुडवले तर इंग्लंडमध्ये दंड होऊ शकतो, प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड, वेळेत नाही भरला तर 160, तेव्हा मानाचे गणपती दाखवायचा मोह झाला तरी हिशोब करून ठरवा. डिसेंबरला हवा छान असते पण तिकिटं महाग.

दोन वर्षांच्या आत बाळाचं तिकीट स्वस्त म्हणून घाईने आणणारे पुष्कळ आहेत. आणा, पण ती ट्रिप आजीसाठी आहे हे धरून चाला, बाळाला त्यातलं काही आठवणार नाही, मुलांच्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांपासून टिकतात.

आणि लशी टाळू नका. आपल्याच घरी तर जातोय म्हणून लोक टायफॉइड नि हिपॅटायटिस ए ची लस घेत नाहीत, आणि इंग्लंडमध्ये टायफॉइडचे जे पेशंट सापडतात त्यातले बहुतेक आपल्याकडे किंवा पाकिस्तानात जाऊन आलेलेच असतात. महिनाभर आधी जीपीला, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरला, विचारा. मुलांचा ब्रिटिश पासपोर्ट 5 वर्षांचाच असतो, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असेल तर नवीन पासपोर्ट आला की तीन महिन्यांच्या आत ओसीआयच्या पोर्टलवर अपलोड करायचा, हे विसरून ऐन वेळी धावपळ करणारे मी खूप बघितलेत.

तुमचा मुलगा 9 चा आहे ना, मग पुढच्या वेळी एक करून बघा. एक आठवडा त्याला कोथरूडला आजीआजोबांकडे एकट्याला सोडा आणि तुम्ही धाकटीला घेऊन कोकणात जा. फोन रोज करू नका, एक दिवसाआड करा. रात्री रडला तरी आजोबा आहेत तिथे.