मानेचं ऑपरेशन चांगलं झालं, तरी मान का दुखते?

तुम्ही लिहिलंय की आईच्या मानेचं ऑपरेशन होऊन दहा महिने झाले, हातातल्या मुंग्या गेल्या, नवा एमआरआयही चांगला आहे. तरी दुपारनंतर मान दुखते, डोकं हातात धरून बसावं लागतं. घरचे म्हणतात, मनाचं आहे. व्यायामाचा उपयोग होईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

मनाचं नाही. घरात कुणी तसं म्हणत असेल तर आधी त्यांना थांबवा.

मी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. हिंगोली-परभणीकडून येणाऱ्या बायकांकडून हे गाऱ्हाणं नेहमी ऐकते. वसमतकडच्या एक मावशी म्हणाल्या होत्या, "नस मोकळी झाली, पण मान पेलंना झाली." मला याहून नेमकं सांगता येत नाही.

डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. मणक्यांना पुढून चिकटलेले लाँगस कोली नावाचे बारीक स्नायू मान आतून सावरून धरतात. पुढून ऑपरेशन करताना त्यांना बाजूला सारूनच मणक्यांमधल्या गादीपर्यंत पोचावं लागतं. त्याआधी कित्येक महिन्यांचं दुखणं, नंतर कॉलर. या सगळ्यात ते ढिले पडतात. मग मान वळवली की कानामागून छातीच्या हाडापर्यंत जी दोरी उठून दिसते, तो मोठा स्नायू आणि खांद्याचे स्नायू त्यांचं काम ओढतात. दिवसभर डोकं तोलणं त्यांना झेपत नाही. सकाळी बरं आणि दुपारनंतर जड, ते बऱ्याचदा यामुळेच. (ऑपरेशन मागून झालं असेल तर मागचे स्नायू मणक्यांवरून सोडवलेले असतात, तेव्हा डिस्चार्ज कार्ड बघा.)

हे स्नायू तपासायची पद्धत ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्वेंडोलिन जूल यांनी रूढ केली. मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून तिचा दाब २० वर (बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) आणतात. मग हनुवटी हलकेच आत घेत तो २२, २४ असा ३० पर्यंत न्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर १० सेकंद धरायचा. दुखणाऱ्या माणसाला वरचे टप्पे स्थिर धरता येत नाहीत, किंवा गळ्यावरची दोरी ताठ होते.

सर्जनची परवानगी असेल तर घरी असं करा. आईंना उताणं झोपवा, गुडघे वाकवलेले, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल. डोकं न उचलता, कुणाला हळूच "हो" म्हणावं तेवढीच मान हलवायची. तुमची बोटं त्यांच्या गळ्यावरच्या त्या दोरीवर अलगद ठेवा. ती कडक झाली की जोर जास्त झाला. श्वास चालू ठेवून १० सेकंद, असं दहादा. पाचच सेकंद जमले तरी चालेल. व्यायाम इतका छोटा असतो की लोकांना तो व्यायामच वाटत नाही, आणि चार दिवसांत सोडून देतात. उलट कपाळावर हात दाबून जोर लावणं, मान गरागरा फिरवणं सुरू होतं. ते सध्या नको. कापूस वेचणीला वाकून बसायचं असेल तर दर अर्ध्या तासाला उठायचं. डोक्यावर हंडा, घमेलं बंद.

यातून दुखणं पूर्ण जाईलच, असं मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये लिंकोपिंगच्या संशोधकांनी अशा ऑपरेशननंतर आखीव फिजिओथेरपी आणि नेहमीची देखभाल यांची तुलना केली. सहा महिन्यांनी दोन्ही गट सुधारले होते, फरक थोडाच होता. पण माझ्याकडे जे नेटानं करतात, त्यांची दुपार हळूहळू सरकते. आधी दोन वाजता डोकं धरणारी बाई पुढे चारपर्यंत बसते. त्यांच्यासाठी ते फार असतं.

मात्र चालताना तोल जाणं, हातातली वस्तू निसटणं, ब्लाऊजचं हुक लावता न येणं, लघवीवरचा ताबा जाणं, ताप, गिळायला त्रास, यातलं काही दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनकडे न्या.