मोटार अपघाताचा पहिला दावा लढवताना
मोटार अपघाताचा दावा हाती घेताना केवळ एफआयआर वाचून थांबू नका. घटनास्थळाचा पंचनामा स्वतः बारकाईने तपासा, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागतो, मात्र फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकणे पुरेसे असते. विमा कंपनी बहुधा जखमीच्याच चुकीवर बोट ठेवते. परंतु दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात जखमीचाही दोष, ठरत नाही. त्या चुकीमुळे अपघात घडला किंवा त्याचा आघात वाढला, हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. नवे वकील हा मुद्दा फार लवकर सोडून देतात आणि जखमीची भरपाई विनाकारण घटते, याचे मला मनापासून दुःख होते.