झँगीफने गाईलला कसं गाठायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: स्ट्रीट फायटर 6 या फायटिंग गेममध्ये तू झँगीफ (जवळ जाऊन पकडणारा पैलवान) खेळतोस, बाकीच्यांशी निभावतं, पण समोर गाईल आला की निम्मा राउंड त्याचे सॉनिक बूम (लांबून फेकलेले मारे) ब्लॉक करण्यात जातो. वैतागून उडी मारलीस की फ्लॅश किक (वर उसळणारी लाथ) बसते, आणि कसाबसा जवळ पोहोचलास तरी तो निसटतो. म्हणून आता कॅरेक्टरच बदलू का, असं विचारतोयस.

बदलू नकोस. मॅचअप, म्हणजे या दोघांची गाठ, अवघड आहे हे खरंच. 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 मध्ये हे दोघे निवडून खेळता येणाऱ्या पहिल्या आठ जणांत होते, आणि झँगीफवाल्यांचं हे दुखणं तेव्हापासूनचं आहे. पण तू लिहिलंयस त्यावरून वाटतं, की येणारा प्रत्येक बूम तुला एका दमात पार करून गाईलपर्यंत पोहोचायचं असतं. गाईलला नेमकं तेच हवंय. तुझी घाई हेच त्याचं हत्यार. तू जागा जिंकायला खेळ. आधी दोन पावलं, पुढच्या बूमला आणखी एक, असं करत त्याची पाठ कोपऱ्याला लागली, की मागे सरकत बूम मारायचा त्याचा सगळा खेळच बंद पडतो.

त्यासाठी नजर बूमवर न ठेवता त्याच्या पायांवर ठेव. सॉनिक बूमसाठी त्याला मागची दिशा धरून चार्ज करावा लागतो (मूव्ह निघण्याआधी ती दिशा काही वेळ दाबून ठेवायची), साधारण 45 फ्रेम, म्हणजे पाऊण सेकंद. फ्लॅश किकसाठी खाली धरून. बसून मागे धरलं की दोन्ही चार्ज एकदम होतात, म्हणून तो सतत बसलेला दिसतो. आता विचार कर: गाईल पुढे चालत येतोय, तर त्या वेळी त्याच्याकडे काय आहे? बूम नाही, फ्लॅश किकही नाही. हाताशी फक्त नॉर्मल, म्हणजे साधे ठोसे आणि लाथा. उडी मारायची तर तेव्हा मार. बसलेल्या गाईलवर पुढे उडी मारणं म्हणजे त्याला फुकट डॅमेज देणं. एक सावधगिरी मात्र बाळग: चांगला खेळाडू बूम सुटताच पुन्हा मागे धरतो, म्हणजे रिकव्हरीतच (मूव्हनंतर सावरण्याच्या वेळात) पुढचा चार्ज सुरू झालेला असतो. दोन बूममधली फट दिसते त्यापेक्षा लहान असते.

मधल्या अंतरावर नेमकं काय करायचं ते सांगतो, कारण सामना तिथेच ठरतो. समज, अर्ध्या स्क्रीनहून थोडं जास्त अंतर आहे आणि हळू बूम येतोय. थांबू नकोस, पुढे चालत राहा. बूम अंगाशी आला की पॅरी (येणारा मारा झेलायचं बटण) दाब, लगेच सोड, पुन्हा चाल. ब्लॉक केलास तर ड्राइव्ह गेज (सहा बारची ऊर्जापट्टी) उतरतं, पॅरीत घेतलास तर चढतं, आणि पुढे चालतानाही ते लवकर भरतं. पहिल्या दोन फ्रेममध्ये बूम आला तर परफेक्ट पॅरी मिळेल, पण त्याच्या मागे लागू नकोस. साधी पॅरी पुरे. पॅरी धरून मात्र ठेवायची नाही. हळू बूमच्या मागून चालत येऊन थ्रो करणारे गाईल भरपूर आहेत, आणि पॅरीत थ्रो खाल्लास की तो पनिश काउंटर होतो, म्हणजे फटका जास्त बसतो.

त्याच जागी सरळ वर उडी मारणंही चांगलं. बूम खालून जातो आणि तू त्याच्या फ्लॅश किकच्या टप्प्यात येत नाहीस. पॅरीतून ड्राइव्ह रश (पुढे झेपावणं) एका बारला पडतो. तो चार्ज असलेल्या गाईलवर केलास तर पुढच्या बूमवरच जाऊन आदळशील, म्हणून बूम नुकताच सुटलाय आणि अंतर कमी आहे तेव्हाच कर. ड्राइव्ह इम्पॅक्ट (मार झेलत मारायचा जोरदार धक्का) दोन हिट झेलतो हे खरं, पण सुरू व्हायला 26 फ्रेम घेतो. तो बघून उलटा इम्पॅक्ट मारणारा गाईल भेटला की विषय संपला. राउंडमध्ये एखाद्या वेळी ठीक, सवय नको.

या मॅचअपमध्ये बर्नआउट, म्हणजे ड्राइव्ह गेज पूर्ण संपणं, इतकं वाईट काही नाही. सहा बार संपले की ब्लॉक केलेला प्रत्येक स्पेशल (बूमसारखी खास मूव्ह) रक्त खातो आणि पॅरीही उरत नाही. तुझं आयुष्य 11,000, त्याचं 10,000. एखादा बूम अंगावर घेतलास तरी चालेल, गेज मात्र सांभाळ.

आता पोहोचलास. स्क्रू पाइलड्रायव्हर, म्हणजे तुझी मुख्य पकड, 5 फ्रेममध्ये सुरू होतो आणि त्याला टेक नाही, म्हणजे साध्या थ्रोसारखा तो सोडवता येत नाही. लाइट पंच (हलका ठोसा) बटणाने केलेल्याचा पल्ला सगळ्यात मोठा, म्हणून आधी तोच पक्का कर. गाईल तुझ्या हातून सुटतो तो बहुतेक वेळा तू लगेच पकडायला जातोस म्हणून. उडी मारून, बॅकडॅश करून (झटकन मागे सरकून) किंवा गेज खर्चून ओव्हरड्राइव्ह फ्लॅश किक मारून तो त्या पकडीतून सहज निघतो. तेव्हा पहिल्यांदा तो खाली पडून उठतोय तिथे नुसता जवळ उभा राहून ब्लॉक कर आणि काय करतो ते बघ. फ्लॅश किक मारली तर तो वरून खाली येईपर्यंत तुला पाहिजे ती सगळ्यात मोठी शिक्षा दे. उडी मारत असेल तर पुढच्या वेळी तो उठताना अंगावर लाइट पंच ठेव. बॅकडॅश करत असेल, तर कोपऱ्यात त्याचा काही उपयोग नाही; जागा जिंकायला सांगतोय ते यासाठीही. त्याला मार खायची भीती बसली आणि तो ब्लॉक करून बसू लागला, की मग पकड. त्याचं गेज रिकामं असेल तर ओव्हरड्राइव्ह फ्लॅश किक नाहीच, फक्त सुपरकडे (वेगळ्या पट्टीवर चालणारी मोठी मूव्ह) लक्ष ठेव.

सरावाला ट्रेनिंग मोडमध्ये डमी (सरावाचा प्रतिस्पर्धी) म्हणून गाईल घे आणि तीन गोष्टी रेकॉर्ड कर: हळू बूम, वेगवान बूम, आणि चार्ज न करता पुढे चालत येणं. तिन्ही रँडम लाव. पहिल्यांदा हल्ला करूच नकोस, फक्त चालत आणि पॅरी करत कोपऱ्यापर्यंत जा. ते जमू लागलं की तिसऱ्या रेकॉर्डिंगवर उडी मारायला लाग, आणि पहिल्या दोनांवर हात आवरायला. हरलेल्या सामन्यांच्या रिप्लेमध्ये इनपुट दाखवायची सोय आहे, ती चालू कर. तू उडी मारलीस त्या प्रत्येक ठिकाणी थांबव आणि गाईलच्या बाजूला मागचा बाण किती वेळ धरलेला होता ते बघ.