पाच-अठरा कुठे लावायचं आणि कुठे नाही

गणित सोडवायला घेतलंस की सूत्राआधी एककं बघ. ताशी किलोमीटरमधली चाल मीटर प्रति सेकंदात आणायला ५/१८ ने गुण. उलट जाताना १८/५. कारण साधं आहे: १००० मीटर भागिले ३६०० सेकंद. ३६, ५४, ७२, ९० म्हणजे १०, १५, २०, २५, एवढं तोंडपाठ असू दे.

खरी गडबड त्वरणात, म्हणजे वेग बदलण्याच्या दरात होते. समज, ताशी ७२ किमी वेगाची गाडी ब्रेक लावल्यावर ५ मी/से² मंदनाने (वेग कमी होण्याच्या दराने) थांबते. अंतर = वेगाचा वर्ग भागिले दुप्पट मंदन. २० घेतलेस तर ४०० ÷ १० = ४० मीटर. ७२ तसेच ठेवलेस तर ५१८ येतात! अर्धा किलोमीटर घसरणारी गाडी दिसली की मागे जाऊन एकक तपास.

गाडी १० सेकंदांत शून्यावरून ताशी १०० किमीला पोचली, तर त्वरण दर सेकंदाला १० किमी/तास. इथे ५/१८ एकदाच लावायचं, उत्तर साधारण २.७८ मी/से². पण किमी/तास² दिलं असेल तर तास दोनदा बदलतो, म्हणून १२,९६० ने भाग. असला प्रश्न क्वचितच येतो, पण आला की बरेच जण अडकतात.

चाल आणि वेग यांचं एकक एकच. मात्र ४०० मीटरच्या ट्रॅकची पूर्ण फेरी ८० सेकंदांत मारली, तर सरासरी चाल ५ मी/से आणि सरासरी वेग शून्य, कारण निघालास तिथेच परत आलास आणि वेगात दिशाही मोजली जाते. वेग लिहिताना दिशा लिही, गुण तिथेच जातात.