वाचकांचे प्रश्न : थरच्या वाळवंटात सायकल

आम्ही पाच मित्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेर ते बिकानेर सायकलने जाणार आहोत. पुणे-महाबळेश्वर सगळ्यांनी एका दिवसात केलंय. रोज किती अंतर धरावं? (पुणे)

आधी दिशा उलटी करा. हिवाळ्यात थरमध्ये वारा बहुतेक वेळा उत्तर-ईशान्येकडून असतो आणि बिकानेर जैसलमेरच्या ईशान्येला आहे. बिकानेरहून निघालात तर वारा पाठीशी राहील. जैसलमेरहून निघालात तर तोच वारा चार दिवस तोंडावर. तिकडे घाट नाहीत, त्यामुळे 'सपाट रस्ता म्हणजे सोपा' असं वाटतं. पण घाट चढला की उतार मिळतो, समोरच्या वाऱ्याला उतार नसतो.

एकूण अंतर सुमारे ३३० किलोमीटर. पहिल्या दिवशी कोलायतपर्यंत ५० पुरे. सायकली रेल्वेतून उतरवून जोडलेल्या असतात, काय सैल राहिलंय ते याच टप्प्यात कळतं. दुसरा दिवस कोलायत ते फलोदी, साधारण ११५, सगळ्यात कठीण. तिसरा फलोदी-रामदेवरा-पोकरण, साठेक किलोमीटर. हा मुद्दाम छोटा ठेवा, म्हणजे सकाळी फलोदीजवळच्या खिचन गावात दाणे टिपायला उतरणारे कुरजा पक्षी बघता येतील. चौथा पोकरण ते जैसलमेर, ११०.

वेळेचं गणित मात्र पुण्याचं लावू नका. डिसेंबरअखेरीस तिकडे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. सामान लादलेल्या सायकलचा सरासरी वेग ताशी १६-१७ किलोमीटर धरा. म्हणजे ११५ किलोमीटरला सात तास, त्यात थांबे, पंक्चर आणि जेवणाचे दोन तास. उजेडात जेमतेम दीड तास हाताशी उरतो. अंधारात चालवू नका. रस्त्यावर बसलेला उंट ट्रकवाल्याला दिसत नाही, तसाच तुम्हालाही दिसणार नाही.

पाचांत जो सगळ्यात हळू, तो पुढे. हत्यारं आणि पंप शेवटच्याकडे. पंपवाला पुढे निघून गेला आणि मागच्याचं पंक्चर झालं, की तासभर तिथेच गेला.

माळरानावर आमची महिन्याला एखाद-दुसरी पंक्चर होते. राजस्थानात रोज पाच-सहा होतात असं ऐकलं. खरं का? (सोलापूर)

खरं आहे, आणि कारण तुमच्या ओळखीचं आहे : सराटे. तिकडे गोखरू म्हणतात. वाळलेलं फळ फुटलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येकाला दोन मोठे, कडक काटे. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. चहाला थांबताना सायकल डांबरावरून खाली घेतली, की तिथेच काटे लागतात. म्हणून कडेला उतरवताना सायकल उचलून न्या आणि परत रस्त्यावर आणल्यावर दोन्ही चाकं हळू फिरवून बघा. दुसरा शत्रू विलायती बाभूळ. रस्त्याकडेला तोडलेल्या फांद्या पडलेल्या असतात आणि तिचा काटा जाड टायरही भेदतो.

चाळीस मिलिमीटरचा ट्यूबलेस टायर असेल तर प्रत्येक चाकात ९० मिलिलिटर सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. कोरड्या हवेत ते लवकर सुकतं, त्यामुळे निघण्याआधी आठवड्याभरात भरलेलं हवं. ट्यूब वापरत असाल आणि वॉल्वचा कोअर (आतला स्क्रूने बसणारा भाग) निघत असेल, तर ट्यूबमध्येही ६० मिलिलिटर चालतं. मात्र अशा ट्यूबवर पॅच नीट बसत नाही, कारण भोकातून सीलंट झिरपत राहतं. ती ट्यूब गेली की बदलायचीच.

सीलंटशिवाय चालवत असाल तर रस्त्याकडेला असं करा. टायर चढवताना टायरवरचं नाव नेहमी वॉल्वपाशी ठेवा. ट्यूबवर भोक सापडलं, की तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये काटा सापडतो. बादलीभर पाणी मिळणार नाही, तेव्हा ट्यूबमध्ये भरपूर हवा भरून गालाजवळून फिरवा. हवेची बारीक धार गालाला बोटापेक्षा चटकन कळते. टायरच्या आत बोट फिरवू नका, जुनी सुती चिंधी फिरवा. मोडलेल्या काट्याचं टोक तिला अडकतं. ते नेलकटरने आतून ओढून काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि दहा किलोमीटरवर त्याच जागी पुन्हा बसतात. मग ट्यूब पॉलिशपेपरने घासा, पॅचपेक्षा मोठ्या वर्तुळात सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि त्याची चमक जाईपर्यंत, चार-पाच मिनिटं थांबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच सुटतोच. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करून ट्यूब आडोशाला धरा, नाहीतर सोल्यूशनवर वाळू बसते.

माणशी दोन ट्यूब, सगळ्यांत मिळून २५ पॅच आणि सोल्यूशनच्या दोन-तीन छोट्या, न उघडलेल्या ट्यूब घ्या. उघडलेली ट्यूब चार दिवसांत आटून बसते. वाटेतल्या दुकानांवर फार विसंबू नका. तिथे साध्या काळ्या सायकलची २८ इंची ट्यूब मिळते. अडचणीत ती ७०० मापाच्या चाकात दडपून बसवता येते, पण प्रेस्टा (बारीक) वॉल्वसाठी पाडलेल्या साडेसहा मिलिमीटरच्या भोकात तिचा वॉल्व जात नाही.

पाणी किती न्यावं? वाटेत पिण्याजोगं मिळतं का? (नागपूर)

हिवाळ्यात शंभर किलोमीटरला माणशी चार ते पाच लिटर लागतं. तीन लिटर सायकलवर ठेवा, उरलेलं ढाब्यावर भरा. कोलायत ते फलोदी टप्प्यात बाप गावाच्या अलीकडे वस्ती विरळ आहे, तिथे पाच लिटर घेऊनच निघा.

भागातल्या बऱ्याच विहिरी आणि बोअरचं पाणी खारं असतं आणि त्यात फ्लोराइड असू शकतं. ते उकळून जात नाही, साध्या कँडल फिल्टरनेही नाही. चवीला मचूळ लागलं तर ते पाणी तोंड धुवायला ठेवा. टाक्यातलं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी गोड असतं. विचारून घ्या, लोक नाही म्हणत नाहीत. पण ते त्यांचं वर्षभराचं पाणी असतं, तेव्हा बाटलीभरच घ्या आणि गाळून, क्लोरिनची गोळी टाकून प्या.

थंड कोरड्या हवेत घाम जागेवर उडतो, त्यामुळे तो येतोय हेच कळत नाही. दुपारी डोकं दुखून मळमळायला लागलं, की लोक नुसतं पाणी पितात. त्याने अंगातलं मीठ आणखी पातळ होतं. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं मिश्रण दिवसातून दोनदा तरी घ्या.

चेनचा करकर आवाज येतो म्हणून रोज तेल घालू का? (ठाणे)

उलट कमी घाला. ओल्या तेलाला बारीक वाळू चिकटते आणि त्याचा पॉलिशपेपर होतो. मेण असलेलं कोरडं ल्युब वापरा, तेही संध्याकाळी. प्रत्येक कडीला एक थेंब, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून टाका. सकाळी ब्रशने वाळू झाडली की झालं.

वाळूच्या टेकड्यांत तंबू ठोकायचा विचार आहे. (कोल्हापूर)

मोकळ्या वाळूत लादलेली सायकल चालत नाही. हवा कितीही कमी केलीत तरी ढकलावीच लागते. सम गावच्या वाळूच्या टेकड्या जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटरवर आहेत आणि रस्ता तिथवर डांबरी आहे, तेव्हा हौस तिथे भागवा. पोकरणजवळ लष्कराचं गोळीबाराचं क्षेत्र आहे. त्या भागात रस्ता सोडून आत शिरूच नका.

हवेची फुगणारी गादी नेऊ नका. भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं मोजे, हातमोजे, तंबू सगळ्याला चिकटून आत येतात आणि गादी रात्रीत बसते. फोमची घ्या. पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, त्या हिशोबाने स्लीपिंग बॅग हवी. खरं तर कोलायत आणि रामदेवरा ही तीर्थक्षेत्रं आहेत, तिथे धर्मशाळा भरपूर आहेत. एक-दोन रात्रींसाठी तंबूचं तीन किलो ओझं वाहावं का, हे एकदा आपसात ठरवा.

मी जर्मनीहून मित्रांसोबत येणार आहे. सॅटेलाइट मेसेंजर आणू का? (म्युनिक)

आणू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं उपकरण भारतात बाळगणं बेकायदा आहे. परदेशी प्रवाशांना विमानतळावरच अडवल्याचे प्रकार झाले आहेत. सीमेच्या जिल्ह्यात तर ते अधिकच महागात पडेल. हमरस्त्यावर मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज असते. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम गटात ठेवा आणि नकाशा आधीच डाउनलोड करा.

रेल्वेत सायकल कशी न्यावी? (नाशिक)

पार्सल नव्हे, तिकिटावर लगेज म्हणून बुक करा. लगेज तुमच्याच गाडीने जातं. पार्सल पुढच्या गाडीत जागा असेल तेव्हा जातं, आणि तुम्ही बिकानेरला सायकलची वाट बघत बसता. स्टेशनात दीड-दोन तास आधी पोचा. पेडल काढा (डावं उलट्या आट्यांचं असतं), हँडल आडवं फिरवा आणि मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरसकट, म्हणजे तो ज्या छोट्या पट्टीवर बसतो तिच्यासकट, सोडवून चौकटीच्या आत बांधा. गाडीत सायकली एकमेकींवर टाकल्या जातात आणि पहिला वाकतो तो हँगरच. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, तो बिकानेरात मिळणार नाही. तेव्हा पाचही जणांनी आपापला एकेक जादा हँगर खिशात ठेवावा.